पदपथावरचे सहनिर्माते

रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे चित्र काढणे ही गोष्ट नवी नाही. भिकारी, अनाथ मूल, फुटपाथवर चूल मांडून बसलेली स्त्री हे विषय चित्रकारांनी, कथाकारांनी आणि छायाचित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळले आहेत. ह्या कलाकृतींनी पाहणाऱ्यांचे डोळे ओले केले, क्वचित त्यांच्या खिशाला हात घालावयासही लावले. परंतु त्या माणसाच्या हाती कुंचला, कॅमेरा किंवा शब्द देऊन, त्याला विषय न मानता सहकारी मानून कला घडविण्याचा प्रयत्न मात्र तुलनेने अलीकडचा आहे. ह्या प्रयत्नाचा इतिहास आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, चांगला चार दशकांचा आहे. त्याचा मागोवा घ्यावा आणि त्यातून उभा राहणारा एक नैतिक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

तो प्रश्न साधा आहे. ज्याच्याजवळ घर नाही, त्याच्याबरोबर जेव्हा आपण एखादी कलाकृती निर्माण करतो, तेव्हा त्या कृतीवर नाव कोणाचे लागते? मोबदला कोणाला मिळतो? आणि काम संपल्यावर, दिवे विझल्यावर, तो सहकारी झोपावयास कोठे जातो?

रस्ता हीच रंगभूमी

मराठी मुलखाला रस्त्यावरची कला परकी नाही. वासुदेव, बहुरूपी, पोतराज, नंदीबैलवाले, डोंबारी, गोंधळी, चित्रकथी ह्या सर्वांची रंगभूमी म्हणजे गावाची वाट आणि चावडीपुढचे अंगण. ह्यांतील अनेकांना कायमचे घर नव्हते, मात्र त्यांना गावगाड्यात एक मान्य स्थान होते. पहाटे येणाऱ्या वासुदेवाच्या झोळीत पडणारे पसाभर धान्य ही भीक नव्हती, तो एका सेवेचा मोबदला होता. श्रोता आणि कलावंत ह्यांच्यामधले हे नाते शेकडो वर्षे टिकले.

ते तुटले कसे, ह्याचा इतिहास कायद्याच्या पुस्तकात सापडतो. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याच्या कक्षा वाढत गेल्या आणि अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. त्यानंतर १९५९ साली मुंबई राज्याने भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. ह्या कायद्यातील भिक्षेची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा कोणत्याही निमित्ताने दान मागणे किंवा स्वीकारणे म्हणजे भीक मागणे, असे ती सांगते. पहिल्याच वेळी दोषी ठरलेल्या व्यक्तीस एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात डांबून ठेवण्याची तरतूदही तीत आहे. म्हणजे कालपर्यंत जो कलावंत होता, तो एका कलमाने आरोपी झाला. हाच कायदा पुढे दिल्लीसह अन्य प्रदेशांतही लागू झाला. २०१८च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील भीक मागण्यास गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य ठरविली, परंतु तो निर्णय दिल्लीपुरता होता.

त्याच वर्षी, त्या निकालापूर्वी महिनाभर, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जे घडले ते आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ज्यांच्या पूर्वजांसाठी दारे उघडत होती, त्यांच्यासाठी काठ्या निघाल्या. रस्त्यावरच्या कलावंताची ओळख समाज किती पूर्णपणे विसरला आहे, ह्याचा ह्याहून दारुण पुरावा कोणता?

ह्या पार्श्वभूमीवर गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) स्मरण होते. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे जन्मलेला हा माणूस १९०५ साली घर सोडून निघाला आणि उर्वरित आयुष्य रस्त्यावरच राहिला. अंगावर चिंध्या, एका हाती खराटा, दुसऱ्या हाती गाडगे. त्यांचे कीर्तन ही आपल्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी गोष्ट आहे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर घेत, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचीत. श्रोत्यांत सफाई कामगार असत, हमाल असत, अंध-पंगू असत. त्यांच्या उत्तरांवाचून कीर्तन पुढे सरकतच नसे. १९५६च्या नोव्हेंबरमध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकताना जाणवते की, ही कला एका माणसाची नाही, ती समोरच्या गर्दीची आहे. आणि कीर्तन संपल्यावर श्रोता कोठे झोपणार ह्याची चिंता महाराजांनी वाहिली होती. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथील त्यांच्या धर्मशाळा ही त्याची साक्ष. आरंभी मांडलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात प्रथम ह्या अनक्षर कीर्तनकाराने दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

मळलेले पाय

पाश्चात्त्य कलेतही रस्त्यावरच्या माणसाचा प्रवेश सहज झालेला नाही. असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांनी १२२३च्या नाताळात ग्रेच्चो गावी जिवंत गव्हाणी उभारली, ती कथा आपल्या वाचकांस परिचित आहे. त्या रात्री चित्रकार नव्हते, शिल्पकार नव्हते. गावची साधी माणसे मशाली घेऊन आली, बैल आणि गाढव आले, गवत आले, आणि सर्वांनी मिळून एक दृश्य रचले. जन्मास येताना ज्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याच्या जन्माचे चित्र अशा लोकांच्या हातून घडावे ह्यात मोठे औचित्य होते.

पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी काराव्हाज्जो ह्या चित्रकाराने रोममधील संत अगस्तीनच्या चर्चसाठी लोरेतोच्या मातेचे चित्र काढले. त्यात पवित्र मातेपुढे गुडघे टेकलेल्या दोन वृद्ध यात्रेकरूंचे मळलेले अनवाणी पाय थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात. त्या काळच्या अनेकांना ते पाय खटकले. आज तेच पाय त्या चित्राचे वैभव मानले जाते. तथापि एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ग्रेच्चोच्या गावकऱ्यांनी ती गव्हाणी स्वतः रचली, तर काराव्हाज्जोपुढे बसणाऱ्या माणसांनी फक्त आपले रूप दिले. पहिल्या प्रकारात सहभाग आहे, दुसऱ्यात सहानुभूती. दोन्हींचे मोल आहे, परंतु त्या एक नव्हेत.

विसाव्या शतकात चित्रपटामुळे हा भेद अधिक तीव्र झाला. १९४८ साली व्हित्तोरिओ दे सिका ह्यांनी ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ ह्या इटालियन चित्रपटात लाम्बेर्तो माज्जोरानी ह्या कारखान्यातील कामगाराला नायक केले. चित्रपट जगभर गाजला. माज्जोरानीची कारखान्यातील नोकरी मात्र नंतर गेली, आणि बेकार कामगाराची भूमिका करणारा स्वतःच बेकार झाला. ब्राझीलच्या एक्तोर बाबेन्को ह्यांच्या ‘पिशोत’ ह्या चित्रपटात साव पावलोच्या गरीब वस्तीतील फर्नांदो रामोस दा सिल्व्हा ह्या मुलाने रस्त्यावरच्या पोराची भूमिका केली. तोही चित्रपट जगभर नावाजला गेला. १९८७च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हा मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. पडद्यावरच्या कथेने त्याला प्रसिद्धी दिली, संरक्षण दिले नाही.

योगायोग असा की, त्याच १९८७ साली मुंबईत अशाच एका चित्रपटाची तयारी चालू होती.

भायखळ्याची घरे

त्या चित्रपटाकडे वळण्यापूर्वी मुंबईच्या पदपथांवर त्या दशकात काय चालले होते ते पाहिले पाहिजे. १९८१च्या जुलै महिन्यात, भर पावसाळ्यात, तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले ह्यांनी पदपथांवरील झोपडी हटविण्याचा आणि तेथील लोकांना त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचा निर्णय जाहीर केला. झोपड्या पाडल्या गेल्या, माणसे बसगाड्यांत बसवून शहराबाहेर नेली गेली. ह्या कारवाईविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि अन्य अर्जदार न्यायालयात गेले. अर्जदारांत तमिळनाडूतील सेलम जिल्ह्यातून पोटासाठी मुंबईस आलेला एक भूमिहीन मजूरही होता. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड ह्यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. मात्र पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही त्याने मान्य केला आणि पावसाळा संपेपर्यंत कारवाईस मनाई केली. तत्त्व मिळाले, छप्पर मिळाले नाही.

ह्याच वर्षी ‘स्पार्क’ ह्या १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. सत्तावीस हजारांच्या आसपास माणसे तीत मोजली गेली. अहवालाचे नाव होते ‘वुई द इनव्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही अदृश्य माणसे’. ज्यांना रोज लाखो लोक ओलांडून जातात, ती माणसे कोणत्याही नोंदीत नव्हती. रेशनकार्ड नव्हते, कारण पत्ता नव्हता. पत्ता नव्हता, कारण नोंद नव्हती.

त्यानंतर जे घडले ते कलेच्या इतिहासात सहसा नोंदविले जात नाही, आणि म्हणूनच येथे थोडे विस्ताराने सांगतो. १९८६ साली ह्या पदपथांवरील स्त्रियांनी ‘महिला मिलन’ ही आपली संघटना बांधली. घर पाडले जाते तेव्हा भांडी वाचविण्यासाठी धावणारी स्त्रीच असते आणि संध्याकाळी पुन्हा ताडपत्री बांधणारीही तीच असते. म्हणून घराचा विचार तिच्यापासून सुरू व्हावा, अशी ह्यामागची भूमिका. स्त्रियांना विचारण्यात आले, तुमचे घर कसे असावे? ज्यांनी आयुष्यात कधी कागदावर रेघ ओढली नव्हती, त्यांनी कागद आणि पुठ्ठा घेऊन घरांचे छोटे नमुने बनविले. उंची मोजावयास फूटपट्टी नव्हती, तेव्हा अंगावरची साडी हे माप झाले. साडीची लांबी ठाऊक असते, तिच्या घड्या घालून भिंतीची उंची आणि खोलीची रुंदी ठरविता येते.

ह्या मापनातून जे घर पुढे आले ते वास्तुशास्त्रज्ञांच्या नकाशात नव्हते. स्त्रियांनी चौदा फूट उंचीची खोली मागितली, म्हणजे आत पोटमाळा घालता येईल. जमीन मुंबईत मिळत नाही, पण आकाश थोडे मिळू शकते, हा हिशेब त्यांना अनुभवाने ठाऊक होता. पदपथावर चार फुटांच्या आडोशात त्यांनी संसार केले होते. वर निजणे आणि खाली शिजविणे ही सोय त्यांना कळत होती. मोरी घरात हवी, पण संडास काही कुटुंबांत मिळून बाहेर असावा, असेही त्यांनी ठरविले, कारण खर्च कमी होतो आणि जागा वाचते. पुढे ह्या घरांच्या लाकूड आणि कापडाच्या पूर्णाकृती प्रतिकृती भायखळ्यात भर रस्त्यात उभारण्यात आल्या. लोक आत शिरत, वर चढून पाहत, कोपऱ्यात उभे राहून चूल कोठे येईल ते बोलत. सरकारी अधिकारी आले, इतर झोपडवासी आले. ज्यांच्या घराकडे शहर आजवर अतिक्रमण म्हणून पाहत होते, त्यांनीच शहराला घर दाखविले.

ही कला होय की नव्हे? प्रदर्शनात मांडलेली, पाहणाऱ्याला आत बोलावणारी, अनेकांनी मिळून घडविलेली आणि जे नाही ते डोळ्यांपुढे उभे करणारी वस्तू म्हणजे कलाकृतीच. अर्जुन अप्पादुराई ह्या समाजशास्त्रज्ञांनी २००१ साली ह्या गृहप्रदर्शनांचा आणि त्यांच्याच धर्तीवरील ‘संडास मेळ्यां’चा सविस्तर विचार केला, आणि गरिबांनी आपले ज्ञान सार्वजनिक केल्याचे हे उदाहरण आहे असे प्रतिपादन केले. ह्या कृतीचा निकाल कागदावरही उतरला. १९९५नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पदपथवासीयांनाही पात्र मानले गेले, आणि ज्यांनी साडीने घर मोजले होते त्यांच्यापैकी काही कुटुंबे पक्क्या भिंतींत राहावयास गेली. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे समाधानकारक मिळतात. नाव ‘महिला मिलन’चे, लाभ त्यांचा, आणि शेवटी घरही त्यांचे. त्याला बराच काळ लागला आणि सर्वांना ते लाभले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

ग्रँट रोडची खोली

आता चित्रपटाकडे. मीरा नायर ह्यांनी १९८५ साली ‘इंडिया कॅबरे’ हा मुंबईतील नर्तकींवरील माहितीपट केला होता. त्यानंतर त्या आणि पटकथाकार सूनी तारापोरवाला मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांमध्ये फिरल्या. त्यांच्या गोष्टी, त्यांची भाषा, त्यांचे विनोद ऐकले. त्यातून ‘सलाम बॉम्बे’ची पटकथा आकारास आली. ग्रँट रोड स्थानकाजवळ एक खोली भाड्याने घेऊन मुलांची कार्यशाळा सुरू झाली. पहिल्या दिवसांत सुमारे एकशेतीस मुले आली आणि शेवटी चोवीस निवडली गेली. दिल्लीच्या रंगभूमीवरील बॅरी जॉन ह्यांनी मुलांकडून अभिनयाची तयारी करून घेतली. गाणे आणि नाचही त्या शिक्षणात होते.

रस्त्यावरच्या मुलाला अभिनय शिकवावा लागतो हे वाक्यच थोडे विचित्र आहे. जो मुलगा पोलिसापुढे रडतो, गिऱ्हाइकापुढे हसतो, दादापुढे गप्प राहतो, त्याला अभिनय ठाऊकच असतो. कार्यशाळेचे काम उलट होते. हिंदी चित्रपटांत पाहिलेले अभिनयाचे हातवारे त्यांच्या अंगातून काढून टाकणे आणि जसे ते आहेत तसे कॅमेऱ्यापुढे उभे राहावयास शिकविणे. मुलांनी सांगितलेल्या घटना आणि त्यांच्या तोंडची बोली चित्रपटात आली. ह्या अर्थाने ही मुले नुसते नट नव्हती.

चित्रपटात कृष्णा नावाचा मुलगा आहे. पाचशे रुपये जमवून घरी परतण्यासाठी तो मुंबईत चहा पोचविण्याचे काम करतो. सर्वजण त्याला ‘चायपाव’ म्हणतात. आईला पत्र लिहावे म्हणून तो लेखनिकाकडे जातो, पण त्याला घरचा पत्ता पुरता सांगता येत नाही, आणि ते पत्र जात नाही. पत्त्याचा हा प्रश्न भायखळ्याच्या पाहणीतही होता. तेथे पत्ता नसल्याने माणूस सरकारला सापडत नव्हता, येथे पत्ता नसल्याने मूल आईला सापडत नाही. चित्रपटाचा शेवट गणेश विसर्जनाच्या गर्दीनंतर येतो. कृष्णा एका कोपऱ्यात एकटा बसतो, हातात भोवरा असतो. पाचशे रुपये नाहीत आणि घरही नाही.

कृष्णाची भूमिका शफीक सय्यद ह्या मुलाने केली. तो बंगळूरहून पळून मुंबईस आलेला होता. मुंबई हिंदी चित्रपटात दिसते तशी खरोखर आहे का, हे पाहावयास. १९८८च्या कान महोत्सवात चित्रपटाला पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा दोर’ पुरस्कार मिळाला आणि ऑस्करच्या परभाषिक विभागात त्याला नामांकन लाभले. शफीकला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला. त्यानंतर तो बंगळूरला परतला आणि उपजीविकेसाठी रिक्षा चालवू लागला. ही हकीकत वर्तमानपत्रांतून अनेकदा छापून आली आहे, आणि बहुधा तिचा सूर असा असतो की, चित्रपटाने मुलाला वापरले आणि टाकून दिले.

हा आक्षेप पूर्णपणे खोटा नाही, पण पुरताही नाही. मुलांना कामाचा मोबदला दिला गेला होता. चित्रपटानंतर, त्याच्या उत्पन्नातून आणि त्याने जागविलेल्या सद्‌भावनेतून, १९८८ साली ‘सलाम बालक ट्रस्ट’ ही संस्था दिल्लीत उभी राहिली. पाठोपाठ मुंबईतही तिचे काम सुरू झाले. दिल्लीच्या कामात मीरा नायर ह्यांच्या मातोश्री प्रवीण नायर ह्यांनी पुढाकार घेतला. त्या निवाऱ्यातून असंख्य मुले गेली. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथून पळून आलेला विकी रॉय हा मुलगा दिल्ली स्थानकावर कचरा वेचीत असे. तो ह्या संस्थेत वाढला, छायाचित्रण शिकला आणि २००७ साली त्याने रस्त्यावरच्या मुलांच्या छायाचित्रांचे स्वतःचे प्रदर्शन भरविले. १९८७च्या कार्यशाळेतील मुले दुसऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे उभी होती. वीस वर्षांनी त्याच परंपरेतला एक मुलगा कॅमेऱ्यामागे उभा राहिला. ‘पिशोत’ची आणि ‘सलाम बॉम्बे’ची तुलना येथे निर्णायक ठरते. दोन्ही चित्रपट प्रामाणिक होते. एकाने मागे चित्रपट ठेवला, दुसऱ्याने चित्रपटाबरोबर निवारा ठेवला.

तरीही शफीकचा प्रश्न शिल्लक राहतोच. संस्था अनेकांसाठी असते, ती एका मुलाच्या हाती बक्षिसाचे पदक असताना आलेले रितेपण भरून काढू शकत नाही. कलावंत म्हणून त्याचे नाव झाले, पण कलावंत म्हणून जगण्याची वाट त्याच्यासाठी कोणी आखली नव्हती. हा दोष एखाद्या दिग्दर्शकाचा म्हणण्यापेक्षा आपल्या चित्रसृष्टीच्या रचनेचा म्हणावा लागेल.

पुढील काळ

२००८ साली आलेल्या ‘स्लमडॉग मिलियनेर’ ह्या चित्रपटात वांद्र्याच्या रेल्वेमार्गालगतच्या वस्तीतील मुलांनी भूमिका केल्या. २००९च्या फेब्रुवारीत त्याला आठ ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांपैकी एका बालकलाकाराची झोपडी महापालिकेने पाडली. निर्मात्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी आणि घरासाठी विश्वस्त निधी उभारला होता, हे खरे. तरी सोहळ्यातला लाल गालिचा आणि तीन महिन्यांनी उन्हात पडलेले पत्रे ही दोन दृश्ये शेजारी ठेवली की, कलेच्या आणि शहराच्या व्यवहारांत किती अंतर आहे ते कळते.

ह्याच्या उलट, २०१५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धारावीत भरलेल्या ‘धारावी बिएनाले’मध्ये रहिवाशांनी कलाकारांबरोबर महिनोन्‌महिने बसून आरोग्य ह्या विषयावर वस्तू घडविल्या आणि त्या वस्तीतच मांडल्या. प्रेक्षकांना गल्ल्यांतून चालत जाऊन त्या पाहाव्या लागल्या. तसेच नागराज मंजुळे ह्यांनी २०२२ साली ‘झुंड’ हा चित्रपट केला. नागपुरातील क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी वस्तीतील मुलांना फुटबॉल शिकवून जी चळवळ उभारली तिच्यावर तो आधारलेला आहे, आणि त्यातील अनेक भूमिका नागपूरच्या वस्त्यांतील, पूर्वी कधी कॅमेऱ्यापुढे न गेलेल्या तरुणांनी केल्या.

आणि ज्याने कोणाच्याही मध्यस्थीशिवाय रस्त्याला शब्द दिला त्या नारायण सुर्व्यांचा उल्लेख येथे अटळ आहे. गिरणीजवळ सापडलेले हे मूल गंगाराम सुर्वे ह्या गिरणी कामगाराने वाढविले. पुढे पोरवयात पदपथाचा आसरा घेत, मिळेल ते काम करीत तो मुलगा वाढला, आणि १९६२ साली त्याचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह आला. सुर्व्यांना सहकारी कलावंताची गरज लागली नाही. परंतु प्रत्येक फुटपाथवर एक सुर्वे जन्मत नाही. जे जन्मतात त्यांना ओळखण्यासाठीही कोणी गंगाराम लागतो.

नाव देण्याच्या बाबतीत एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते, जरी ते रस्त्यावरचे नसून खेड्यातले आहे. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्यांनी मावळ-मुळशीपासून महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी सर्वांची असते, म्हणून कोणाचीच नसते, असा आपला समज. ह्या संग्राहकांनी ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदविले. लोककलेच्या नावाखाली अनामिक राहिलेल्या बायांना त्यामुळे लेखिकेचा मान मिळाला. रस्त्यावरच्या माणसांबरोबर काम करणाऱ्यांनी ही रीत उचलावी.

निवाऱ्याची बाजू

चित्रपट किंवा प्रदर्शन ह्यांच्या कितीतरी आधीपासून काही घरे ह्या मुलांसाठी दार उघडे ठेवून आहेत. येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६२ साली मुंबईत ‘स्नेहसदन’ सुरू केले. रेल्वे स्थानकांवरील मुलांना कोंडून न ठेवता घरासारख्या छोट्या गटांत वाढविण्याची तेथील पद्धत त्या काळात नवी होती. सलेशियन संघाने वडाळ्यास ‘शेल्टर डॉन बॉस्को’ हे केंद्र १९८७ साली आरंभिले. ज्या वर्षी ग्रँट रोडच्या खोलीत मुले अभिनय शिकत होती, त्याच वर्षी. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा मुंबईत सुरू झाली. अशा घरांतून मुले नाटक करतात, चित्रे काढतात, गाणी रचतात. त्यांतले काही जगासमोर येत नाही आणि यावे असेही नाही. मुलाने काढलेल्या चित्रात घर वारंवार दिसते, हे शिक्षकांना ठाऊक असते. ते चित्र भिंतीवर लावावे की मुलाच्याच वहीत राहू द्यावे, हा निर्णय मुलाने घ्यावा, एवढी सभ्यता मोठ्यांनी पाळली तर पुष्कळ झाले.

आमच्या वाटेने

आटगाव हे कसारा मार्गावरील, आसनगाव आणि खर्डी ह्यांच्या पलीकडे-अलीकडे वसलेले लहानसे स्थानक. कसाऱ्यापर्यंत लोहमार्ग १८६१ साली आला आणि १८६५ साली थळ घाट ओलांडून इगतपुरीस पोचला. तेव्हापासून देशावरून, खानदेशातून, विदर्भातून, उत्तरेतून मुंबईस जाणारी माणसे ह्याच वाटेने जात आली आहेत. त्यांत नोकरदार असतात, तशी तिकीट न काढता दाराशी बसलेली मुलेही असतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाळ्यापर्यंत भट्टीकडेच्या पालांत राहतात. रस्त्यावर राहणे म्हणजे केवळ मुंबईचा पदपथ नव्हे, हे ह्या तालुक्यांस वेगळे सांगावयास नको.

मुंबईचे पाणीही येथूनच जाते. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले, मोडकसागर १९५७ साली, आणि पुढे भातसा. तानसाची जलवाहिनी जेथे शहरात शिरते तेथे तिच्या दोन्ही अंगांस वर्षानुवर्षे झोपड्या होत्या. न्यायालयाच्या आदेशाने त्या हटविल्या गेल्या, तेव्हा तेथील हजारो कुटुंबांना माहुल येथे पाठविले गेले, आणि कारखान्यांच्या धुरात राहणे अशक्य असल्याचे सांगत त्यांना २०१८ साली रस्त्यावर आंदोलनास बसावे लागले. आपल्या तालुक्याचे पाणी ज्या नळातून वाहते त्याच्या कडेला राहणाऱ्यांना ते पाणी आणि घर ह्यांपैकी एकही विनासायास मिळू नये, ही विसंगती शहापूरच्या माणसाला अधिक बोचावी.

म्हणून हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे पावणेअठरा लाख माणसे बेघर होती, त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. त्यांच्याबरोबर गाणे, नाटक किंवा चित्र करू पाहणाऱ्या तरुणांचे मंडळ उद्या आपल्या एखाद्या धर्मग्रामातून किंवा गावातून निघाले, तर त्यांनी तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. भित्तिपत्रकावर आपल्या नावाच्या ओळीतच त्यांचेही नाव असावे, आणि ते त्यांना हवे असेल तसेच असावे. ज्या दिवशी ते सरावास येतील त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल, तर ती भरून द्यावी. आणि शेवटचा प्रयोग झाल्यावर कोणाच्या दारी जावे, हे पहिल्या तालमीपूर्वीच त्यांना सांगितलेले असावे. भायखळ्याच्या स्त्रियांकडे मोजपट्टी नव्हती, पण आपल्याला किती उंच घर हवे हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांच्याकडून काम शिकून घ्यावे आणि मग त्यांच्याबरोबर कामाला लागावे.